कपाटाची किल्ली आणि पंचवीस अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार. शाळेच्या ग्रंथालयात आता गोष्टींच्या पुस्तकांशेजारी सॉफ्टवेअरच्या सीड्या आणि त्यांची माहितीपुस्तकंही असतात. ती सांभाळायची कशी, यावर मला बोलायचंय.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. सीडी, तिचं पुस्तक आणि लायसन्सचा कागद, तिघांना दाखल नोंदवहीत एकच क्रमांक. पुन्हा सांगते, एकच क्रमांक. सीडी लॅबमध्ये, पुस्तक माझ्याकडे आणि कागद ऑफिसात, असं झालं की घोळ झालाच म्हणून समजा.

मी हे शिकले कशी, ते ऐका. 2003 साल. इथल्याच, बडोद्यातल्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते. दर मे महिन्यात फाटकी पुस्तकं मांडवीच्या बाइंडरकाकांकडे जायची. त्या वर्षी मला भारी उत्साह. कॉम्प्युटरची चार पातळ चोपडी होती, पानं सुटायला आलेली, कव्हरं मळलेली. म्हटलं, काका, एकत्रच बांधून टाका. लाल रेक्झिन, वर सोनेरी अक्षरांत 'संगणक'. दृष्ट लागावी असं झालं!

जूनमध्ये लॅबमधल्या एका मशीनची हार्ड डिस्क गेली. सर सीडी घेऊन आले. "मॅडम, की द्या." मी कपाटाची किल्ली पुढे केली. "ही नाही हो! पंचवीस अक्षरांची!" सॉफ्टवेअर मशीनवर चढवताना जी भरावी लागते, ती पाच-पाचच्या पाच गटांतली की छापलेली होती चोपड्याच्या मूळ कव्हरावर. आणि कव्हर? ते मीच काढायला लावलं होतं.

रिक्षा केली, मांडवी गाठली. काका शांत. "ए तो जूनुं थई गयुं'तुं, बेन!" म्हणजे, ते तर जुनं झालं होतं, ताई! जाड कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून त्याच्या पट्ट्या कापून त्यांनी नव्या हजेरीपटांच्या पाठीला आतून लावल्या होत्या. आमच्याच शाळेच्या हजेरीपटांच्या! परत आले, तर उपमुख्याध्यापिका हजेरीपट उसवू देईनात. मग काय, एकेक हजेरीपट उलटा उघडायचा, पाठीच्या पोकळीत टॉर्च मारायचा आणि डोळा लावायचा.

तेव्हा मला आपलं मध्यवर्ती ग्रंथालय आठवलं. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन साहेबांना, म्हणजे तिथल्या एका ग्रंथपालांना, ग्रंथालयांच्या कामासाठी बोलावलं. आपल्या या ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या दालनात मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. एवढा विचार! आणि आज आमच्या शाळांत ग्रंथालयाचा तास म्हणजे, ज्या वर्गाला शिक्षक नाही त्याला बसवायची जागा. असो.

तर, सातवी ब मध्ये तीन गट सापडले आणि पाचवी अ मध्ये दोन. सरांनी आधी सातवीचे टाकले, मग पाचवीचे. चालेना. शिपाईमामा दारातूनच म्हणाले, "अहो, शाळेत पाचवी आधी येते की!" उलट टाकले, आणि चाललं!

आता वेळ थोडा उरलाय, भरभर सांगते. कीची झेरॉक्स नोंदवहीतच चिकटवा. सीडीच्या लेबलावर बॉलपेनने लिहू नका. माहितीचा थर लेबलाच्या अगदी खालीच असतो, टोकदार निबाने तो खरवडतो. पुसताना ताटासारखी गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे पुसा. नव्या कॉम्प्युटरला बहुधा सीडीची खाचच नसते, तेव्हा जुना ड्राइव्ह आहे तोवर प्रत काढून ठेवा. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची जपणुकीसाठी प्रत काढायला 1957 चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. शेजारच्या शाळेला वाटायला नाही हं! आणि नवी आवृत्ती आली, जुनी रद्द केली, तर तिघं एकदमच रद्द करा. कारण क्रमांक? एकच.

मी निवृत्त झाले, पण मे महिन्यात गठ्ठा बांधण्याआधी शाळेतून मला अजून फोन येतो, "मॅडम, यातलं कव्हर काढू का?" नमस्कार.