दहा प्रसंग, दोन आकडे

(दृश्य : स्टॉक्टन स्ट्रीट, सकाळ)

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये भाजीच्या पेट्या पदपथावर मांडल्या जात आहेत. आजी कॅन्टोनीज या चिनी बोलीत भाव करत आहे आणि तिचा नातू फोनवर मित्राशी इंग्रजीत बोलत आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९४३ साली ते उघडले, पण वर्षाला केवळ १०५ जणांपुरते. १९६५ च्या कायद्यानंतर मात्र कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली आणि एकाच घरात दोन भाषांत वाढलेल्या पिढ्या एका टेबलावर जेवू लागल्या.

(दृश्य : स्वयंपाकघर, टेबलावर कागद)

हा कागद म्हणजे आशियाई-अमेरिकन कुटुंबांतील संघर्ष मोजण्याची प्रश्नावली आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. तीत दहा प्रसंग आहेत. आईवडील सतत इतरांच्या मुलांशी तुलना करतात. मत मांडले की ते उलट बोलणे ठरते. घर, अन्न आणि शिक्षण दिले यातच प्रेम आले, असे ते मानतात आणि मुलाला मात्र ते शब्दांतून व स्पर्शातून हवे असते. प्रत्येक प्रसंगापुढे १ ते ५ यांपैकी दोन आकडे द्यायचे असतात : असे किती वेळा घडते आणि ते किती गंभीर वाटते. ही फोड महत्त्वाची आहे, कारण रोज खटके उडूनही रात्री एकत्र हसणारी घरे असतात, तशीच एकदाच झालेला वाद वर्षानुवर्षे उराशी बाळगणारीही असतात.

(दृश्य : दोन लिप्यांतील कागद शेजारी शेजारी)

मूळ प्रश्नावली इंग्रजीत असून ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासली गेली, म्हणजे साक्ष मुलांचीच होती. पालकांना विचारायचे तर आधी चिनी अनुवाद हवा, मग दुसऱ्या कोणाकडून तो पुन्हा इंग्रजीत आणून मूळ मजकुराशी ताडून पाहायला हवा. हाँगकाँगहून आलेल्यांना चिनी लिपीची पारंपरिक अक्षरे सोयीची आणि चीनमधून अलीकडे आलेल्यांना सोपी केलेली. 'कुटुंबाला लाज आणणे' या प्रसंगात चिनी माणसाचा 'चेहरा जातो'. आपल्याकडे अशा वेळी नाक कापले जाते. 'ग्वान' हा चिनी शब्द तर आणखी अवघड आहे. त्यात मुलाला ताब्यात ठेवणे आणि त्याची काळजी वाहणे हे दोन्ही अर्थ आहेत, याकडे संशोधक रुथ चाओ यांनी १९९४ सालीच लक्ष वेधले होते. ज्याला मुलगा जाच म्हणतो, त्यालाच आई माया म्हणत असेल, तर केवळ मुलाचा आकडा घेऊन घरातला संघर्ष मोजला, असे कसे म्हणावे?

अशा संघर्षाचा मुलांच्या नैराश्याशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

(दृश्य : आई, हातात पेन्सिल)

दवाखान्यात आणि बँकेत या घरी मुलगाच आईचा दुभाषी असतो. आज मात्र त्याला पलीकडच्या खोलीत बसवले आहे, कारण स्वतःविषयीचा प्रश्न त्यानेच आईला समजावून सांगणे योग्य नव्हे. प्रेमाविषयीच्या प्रसंगापुढे आईने वारंवारतेच्या रकान्यात १ लिहिला आहे. मुलाच्या कागदावर त्याच रकान्यात ४ आहे. दोन्ही कागद आता पाकिटात गेले आहेत आणि आई त्याला जेवायला हाक मारत आहे.