खाणीतला मोटरमन

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत लोकल चालवणाऱ्याला आपण मोटरमन म्हणतो. १९४०-५० च्या सुमारास अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनिया आणि पेनसिल्वेनियाच्या कोळसा खाणींतही एक मोटरमन होता. डोंगराच्या पोटात, मान खाली घालून तो विजेचं इंजिन हाकायचा. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

खाणीतलं पहिलं विजेचं इंजिन १८८२ साली जर्मनीत, सॅक्सनीतल्या एका कोळसा खाणीत धावलं. पुढे अमेरिकेत त्याने खेचरांची जागा घेतली. छत बुटकं, म्हणून इंजिनही बुटकं, जाड लोखंडी पेटीसारखं. पण वजन टनांत. भरलेल्या डब्यांची माळ ओढायची तर चाकांनी रूळ घट्ट धरायला हवा. ओल्या रुळावर चाकं घसरू लागली की मोटरमन कोरडी वाळू सोडायचा. उतारावर थांबतानाही तिचाच आधार. वाळूची पेटी रिकामी ठेवून उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

मला सगळ्यात कौतुक वाटतं ते डबे गोळा करणाऱ्या छोट्या इंजिनांचं. कोळसा जिथे प्रत्यक्ष फोडला जाई, तिथवर इंजिनाला वीज पुरवणारी वरची तार पोचत नसे. मग या इंजिनावरच्या रिळाला गुंडाळलेल्या केबलचं टोक मुख्य बोगद्यातल्या तारेला अडकवायचं आणि आत शिरायचं. इंजिन पुढे जाईल तशी केबल सुटत जाई, परतताना रीळ ती पुन्हा गुंडाळून घेई. भरलेले डबे ओढून मुख्य मार्गावर आणले की पुढे मोठं इंजिन त्यांचा ताबा घेई.

आता त्या तारेकडे वळतो. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्टवर, पण तार डोक्यावर कितीतरी उंच. खाणीत वीज २५० किंवा ५०० व्होल्टची, आणि तार मात्र उघडी, हात वर केला तर लागेल अशी. वीज परत जायची ती रुळांतून. म्हणजे रुळावर उभ्या माणसाच्या खांद्यावरची लोखंडी पहार तारेला लागली, की मंडल त्याच्या शरीरातून पूर्ण व्हायचं. शिवाय तारेशी ठिणग्या उडत. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला तर स्फोटाला एक ठिणगी पुरे. ब्रिटनने या उघड्या तारेवर कडक बंधनं ठेवली, बॅटरी आणि डिझेलची इंजिनं वापरली. माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं.

अमेरिकेत १९६९ च्या कायद्याने, माणसांची नेहमी ये-जा असेल तिथे तार आडोशात ठेवणं सक्तीचं केलं. त्यासाठी फार मोठं यंत्र लागत नव्हतं. तारेच्या दोन्ही अंगांना तिच्याहून जरा खाली येणाऱ्या दोन फळ्या ठोकल्या, तरी माणसाचं डोकं आधी लाकडाला लागायचं.