हिरोशिगेंचा पाऊस कुणी कोरला?

(दृश्य: भिंतीवरचं चित्र. कॅमेरा हळूहळू जवळ.)

सर अचानक आलीय. पुलावरची माणसं लगबगीनं निघालीत. कुणी छत्रीत अंग चोरलंय, एकानं डोक्यावर चटई ओढलीय. खाली सुमिदा नदीत एक जण तराफा हाकतोय, त्याला आडोसाच नाही. पलीकडचा काठ पावसात पुसट झालाय.

हे चित्र १८५७ सालचं, उतागावा हिरोशिगे यांच्या ‘एदोतली शंभर प्रसिद्ध स्थळं’ या मालिकेतलं. एदो म्हणजे आजचं टोकियो. न्यूयॉर्कच्या ब्रूकलिन म्युझियमकडे या मालिकेचा पूर्ण संच आहे. २०२४ मध्ये तो तिथे २४ वर्षांनी भिंतीवर लागला. एरवी तो अंधारातच जपावा लागतो, कारण उजेडानं यातले बरेच रंग उडतात.

चित्राशेजारच्या पाटीवर नाव हिरोशिगेंचं आहे, आणि ते असायलाच हवं. पण पावसाच्या या रेघा जवळून बघा. यातली एकही त्यांच्या हातची नाही.

(दृश्य: टोकियोतली कार्यशाळा. कोरणारे हात.)

लाकडी फळ्यांवर कोरून चित्र छापायची ही पद्धत आजही इथे टिकून आहे. चित्रकार पातळ कागदावर शाईनं रेखाटन करून देई. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवी आणि कागदासकट लाकूड कोरी. मूळ रेखाटन तिथेच संपे. रेघ कोरायची म्हणजे रेघ तेवढी ठेवून भोवतालचं सगळं लाकूड काढायचं. मागे उरते केसाएवढी कड. या चित्रातली प्रत्येक धार अशी उभी राहिलीय. तीही एका फळीवर नाही, दोन फळ्यांवर. दोन्हींचा तिरपेपणा किंचित वेगळा, म्हणून पाऊस इतका दाट वाटतो.

(दृश्य: फळीचा कोपरा.)

ही खाच पाहिलीत? हिला केंतो म्हणतात. दर रंगाला सहसा वेगळी फळी, आणि दर वेळी ओलसर कागद याच खाचेत बसवायचा. तो सुतभर जरी सरकला, तरी रंग रेघेबाहेर जातो.

आता ठसा घेणारा. फळीवर रंग, त्यात तांदळाची खळ. कागद सरस-तुरटीचा हात दिलेला. त्याच्या पाठीवर बांबूच्या पात्यात बांधलेली चकती फिरते. साऱ्या अंगाचा जोर त्या तळहातात उतरतो.

आणि वरचा हा काळा ढग? तो कुठल्याच फळीवर कोरलेला नाही. सपाट लाकूड ओलं करायचं, रंग अंदाजानं पसरायचा, कडेला विरवत न्यायचा. म्हणून दर प्रतीत ढग थोडा निराळा उतरतो. तो ज्याच्या हातून उतरला, त्याचं नाव पाटीवर नाही. कोरणाऱ्याची बारीकशी खूण मालिकेतल्या काही चित्रांच्या कडेला सापडते. ठसा घेणाऱ्याच्या वाट्याला सहसा तेवढंही येत नाही. पाटीवर या दोघांसाठी एक ओळ हवी, नावं ठाऊक नसली तरी.

१८५८ साली, कॉलऱ्याच्या साथीच्या वर्षी, हिरोशिगे गेले. पुढे नवे छापखाने आले, छायाचित्रं आली, ही कामं आटली. १८८७ मध्ये पॅरिसला व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी हाच पाऊस तैलरंगात उतरवला.

(दृश्य: पुन्हा कार्यशाळा. आवाज फक्त चकतीचा.)

कारागीर कागदाचं एक टोक धरतो आणि सावकाश सोलून काढतो. पूल आहे, माणसं आहेत. पाऊस अजून यायचाय. त्याची फळी आता लागेल.