अण्णांची वही

(आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या ट्रॅक्टरांच्या स्पेअर पार्टचं दुकान चाळीसेक वर्षं चालवणारे अण्णा आता दुकान बंद करत आहेत. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात केलेलं हे भाषण.)

मंडळी, शाल-श्रीफळ झालं, फोटोही निघाले. आता मला अण्णांच्या कामाबद्दल बोलू द्या. आपण सगळे त्या काउंटरपाशी उभे राहिलोय, पण काउंटरच्या पलीकडे काय चालायचं हे फार थोड्यांनी पाहिलंय.

आपल्या शिवारातले जुने ट्रॅक्टर आठवा. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि बी-२७५ इथे आला. तो मूळचा इंग्लंडचा. मॅसी फर्ग्युसन मद्रासच्या टॅफे कंपनीने आणला. एचएमटीने १९७१पासून हरियाणात पिंजोरला जो ट्रॅक्टर बांधला, तो चेकोस्लोव्हाकियाचा झेटर. म्हणजे एकाच गावात, कधी एकाच वाड्यात, बी-२७५, मॅसी ही इंचाची यंत्रं आणि झेटर हे मिलिमीटरचं यंत्र शेजारी शेजारी उभी राहिली. शेतकऱ्याला ते काय माहीत? त्याच्या लेखी बोल्ट म्हणजे बोल्ट.

माझंच सांगतो. ऐन पेरणीत आमच्या मॅसीचा एक बोल्ट तुटला. घरात झेटरचा पडलेला होता, दिसायला तसाच. अर्ध्या इंचाच्या आट्यात मी १२ मिलिमीटरचा बोल्ट फिरवला. दोन-तीन आटे गेला, मग घट्ट झाला. मला वाटलं, बसला. दुपारी वखर ओढताना तो आटे सोलून बाहेर आला आणि बीडाचं भोकही खराब करून गेला. संध्याकाळी तोच बोल्ट घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, आट्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "हा झेटरचा आहे रे. अर्धा इंच म्हणजे १२.७. तुझ्या भोकात हा पहिल्यापासूनच सैल होता, आटे जुळेनात म्हणून घट्ट वाटला." ते रागावले नाहीत. भोक मोठं करून नवे आटे कसे पाडायचे आणि ते काम कुठल्या लेथवाल्याकडे न्यायचं, एवढं सांगून मोकळे झाले.

बेअरिंगचंही तसंच. गिऱ्हाईक यायचं, "अमुक कंपनीचं पुढच्या चाकाचं बेअरिंग द्या" म्हणायचं. अण्णा म्हणायचे, "कंपनी राहू दे, जुनं दाखव." गंजलेली कडा रॉकेलच्या फडक्याने पुसायची, उजेडाकडे धरायची, नंबर वाचायचा. ६२०५ निघाला, तर शेवटच्या ०५ला पाचाने गुणा. आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरून ५२, जाडी १५. हा नंबर साऱ्या जगात एकच. त्या नंबरचं बेअरिंग पंपात असो, मोटरीत असो की ट्रॅक्टरात, बसणार म्हणजे बसणार. मला हे समजलं तेव्हा एखाद्या कुलपाची किल्ली हाती आल्यासारखं वाटलं. नंबर झिजून गेला असेल तर अण्णा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावायचे. तेल गळू नये म्हणून बसवतात त्या ऑइल सीलला तर त्याशिवाय इलाजच नाही, कारण रबराचा ओठ आधी जातो आणि त्याबरोबर अक्षरंही.

२०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. झेटरवाले शेतकरी घाबरून दुकानात आले होते, ते मला आठवतं. अण्णांनी गल्ल्याखालून एक जाड वही काढली. डाव्या बाजूला ट्रॅक्टरचं नाव आणि भाग कुठे बसतो ते, उजव्या बाजूला मापं, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने: याऐवजी काय चालेल. यातली कितीतरी मापं त्यांनी लोकांच्या बांधावर, ट्रॅक्टरखाली आडवं पडून घेतलेली. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या पार्ट-बाजारातून काय मागवायचं, लुधियानाचं काय चांगलं, कुठला भाग भंगारात शोधणंच बरं, हेही त्यात आहे. जिथे बसवून पाहिलं नाही, तिथे प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हांवर माझा फार जीव आहे. माल खपवायला त्यांनी कधी ते खोडलं नाही.

दुकानातला माल विकला जाईल, गाळ्याला नवा भाडेकरू मिळेल. त्याची मला काळजी नाही. वहीची आहे. पानं तेलाने पारदर्शक झालीत, पेन्सिल पुसत चाललीय, आणि काही खुणा फक्त अण्णांनाच वाचता येतात.

अण्णांनी होकार दिलाय, म्हणून सांगतो. येत्या रविवारपासून चार रविवार दुकान सकाळी आठला उघडेल. आयटीआयची पोरं वही उतरवून घेणार आहेत, अण्णा शेजारी बसून खुणांचा अर्थ सांगतील. तुमच्याकडे जुना झेटर, बी-२७५, मॅसी असेल तर त्याचे काढलेले भाग घेऊन या. पुसून आणा, नंबर घासू नका. प्रश्नचिन्हं असलेल्या ओळी आधी घेणार आहोत.