कापड कुणाचं चांगलं होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आधी आपण जळमटं काढतो. केरसुणी काठीला बांधायची, डोक्याला फडकं गुंडाळायचं आणि माळ्यापासून सुरुवात करायची. ते जाळं विणणाऱ्या कोळ्याची एक जुनी ग्रीक गोष्ट आहे. नववी-दहावीच्या मुलांना ती मी बरीच वर्षं शिकवली. गोष्ट गर्वाची आहे असं म्हणतात. पण ही गोष्ट सांगण्याआधी तिचं तात्पर्य सांगू नका, एवढ्यासाठी मी आज तुमच्याशी बोलते आहे. शिक्षकांनी सांगू नका, आईवडिलांनी तर मुळीच सांगू नका.

गोष्ट थोडक्यात अशी. आजच्या तुर्कस्तानात, पश्चिम किनाऱ्याजवळ लिडिया नावाचा प्रदेश होता. तिथल्या एका छोट्या गावात अरॅक्नी नावाची मुलगी राहायची. आई वारलेली, वडील रंगारी. लोकर जांभळ्या रंगात बुडवायची, हा त्यांचा धंदा. घराणं नाही, पैसा नाही, पण मुलीच्या हातात विणकामाची अशी कला की डोंगरातल्या द्राक्षमळ्यांतल्या, नदीतल्या अप्सरा तिच्या दाराशी येऊन बसत. त्या नुसतं तयार कापड बघायला येत नसत, ते विणलं जाताना बघायला येत.

लोक म्हणत, हिला साक्षात अथेनानं, विणकामाच्या देवीनं शिकवलं असणार. अरॅक्नी म्हणे, मला कुणी शिकवलं नाही, देवीनं यावं आणि माझ्याशी पैज लावावी. देवी म्हातारीचं रूप घेऊन आली, समजावू लागली. अरॅक्नीनं तिला फटकारलं : वयानं तुझी बुद्धी गेली आहे, हे उपदेश तुझ्या लेकीसुनांना सांग जा. मग देवी प्रकट झाली आणि दोन माग समोरासमोर मांडले गेले.

अथेनानं आपल्या कापडात बारा देव विणले, स्वतःचा विजय विणला आणि चार कोपऱ्यांत देवांशी स्पर्धा करणाऱ्यांना झालेल्या शिक्षा विणल्या. अरॅक्नीनं देवांनी बायकांना कसं फसवलं ते विणलं. त्यात बैलाचं रूप घेतलेल्या झ्यूस देवानं पाठीवर बसवून समुद्रात नेलेली युरोपा नावाची मुलगी होती. ती मागे किनाऱ्याकडे बघते आहे, मैत्रिणींना हाका मारते आहे आणि उसळणारं पाणी लागू नये म्हणून पावलं वर ओढून घेते आहे. ही ओढून घेतलेली पावलं लोकरीच्या धाग्यात उतरली होती! मुलांना हे सांगितलं की वर्गातल्या निम्म्या पोरी नकळत बाकाखाली पाय आखडून घेतात. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

आता मी सुरुवातीला ही गोष्ट कशी शिकवायची ते ऐका. तासाला गेले की आधी फळ्यावर लिहायची, ‘गर्वाचे घर खाली’. खाली दोन रेघा. मग गोष्ट. मुलं तात्पर्य वहीत उतरवून घेत आणि गोष्ट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत. त्यांचं काय चुकलं? उत्तर आधीच मिळालं होतं.

मग एका वर्षी मी इचलकरंजीला होते. ज्यांनी ते गाव पाहिलंय त्यांना सांगायला नको, तिथे मागांची खटखट रात्रंदिवस चालू असते. आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी मागावर कामाला होतं. त्या दिवशी फळ्यावर काही न लिहिता मी गोष्टच सुरू केली. दोन्ही कापडांपर्यंत आले. मग पुढचं सांगितलं, ऑव्हिड नावाच्या रोमन कवीनं लिहून ठेवलंय तसंच. अथेनानं अरॅक्नीचं कापड तपासलं. तिला त्यात एकही दोष काढता आला नाही. तिला राग आला. तिनं ते कापड फाडलं, आणि हातातला लाकडी धोटा अरॅक्नीच्या कपाळावर तीन-चार वेळा मारला.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्षभरात त्यानं एकदाही हात वर केला नव्हता. तो म्हणाला, “बाई, दोष निघालाच नाही म्हणताय, मग फाडलं कशाला?”

मी म्हटलं, तुला काय वाटतं?

तो म्हणाला, “आमचा बाबा मागावर असतो. कापडात दोष निघाला की मजुरीतनं पैसे कापतात. ते बरोबर हाय. पर दोष नसताना कोण फाडतं का?”

वर्ग एकदम शांत झाला. मी गोष्ट तिथेच थांबवली.

दुसऱ्या दिवशी तो पोरगा कोऱ्या कापडाचा एक तुकडा घेऊन आला. वडिलांनी दिला होता. खिडकीपाशी गेला, दोन्ही हातांनी कापड उजेडात ताणून धरलं आणि म्हणाला, “दिसतंय का बघा.” आम्हाला कुणालाच काही दिसेना. मग त्यानं नखानं दाखवलं. उजेडाची केसाएवढी बारीक रेघ, वरपासून खालपर्यंत. उभी तार तुटलेली, आणि माग तसाच पुढे चाललेला. “हे बाबाला न बघता कळतं,” तो म्हणाला, “नुसता हात फिरवला की कळतं.” मग पन्नास मुलांनी एकेक करून त्या कापडावरून हात फिरवला. डोळे मिटून. अख्खा तास त्यातच गेला, आणि तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास होता.

पूर्वी शाळेत टकळीचा तास असायचा. पेळूतून सूत काढताना ते किती वेळा तुटतं हे बोटांना कळायचं. तो तास गेला याचं मला आजही वाईट वाटतं. हातानं काही न केलेल्या मुलाला दुसऱ्याच्या हातातली कला कशी कळणार? असो, विषय अरॅक्नीचा आहे.

त्या कापडानंतर मी मुलांना एक ग्रीक शब्द दिला, ‘हुब्रिस’. आपण त्याचा अर्थ गर्व असा सांगून मोकळे होतो. पण जुन्या अथेन्समध्ये हुब्रिस हा गुन्हा होता, त्यावर खटला चाले. दुसऱ्याची अब्रू जावी म्हणून त्याच्यावर हात टाकणं म्हणजे हुब्रिस. आणि गुलामाला असं वागवलं तरी तो कायदा लागू होई. हा अर्थ सांगितला आणि विचारलं, आता सांगा, या गोष्टीत हुब्रिस कुणाचा? पुन्हा सांगते, मी उत्तर दिलं नाही. नुसतं विचारलं.

गोष्टीचा शेवट अवघड आहे. अपमान सहन न होऊन अरॅक्नी गळ्याला दोर लावते, आणि अथेना तिला मरू न देता कोळी करून टाकते. हा भाग मी लपवत नाही, पण तिथे रेंगाळतही नाही. चारचौघांत अपमान झालेलं एखादं पोर प्रत्येक वर्गात असतं. त्या दिवशी तास संपल्यावर मी दहा मिनिटं वर्गातच बसून राहते. कुणाला बोलायचं असेल तर बोलता यावं म्हणून. हे प्रत्येक शिक्षकानं करावं, अगदी हात जोडून सांगते.

आणि ज्यानं ही गोष्ट लिहिली त्या ऑव्हिडला इसवी सन 8 मध्ये सम्राट ऑगस्टसनं रोममधून हद्दपार केलं. काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या रोमानियात, तो परत बोलावण्याची वाट बघत मेला. मुलांना हे शेवटी सांगायचं, आधी नाही.

तर त्या वर्गात दोन तट पडले. काही अथेनाच्या बाजूचे, काही अरॅक्नीच्या. अथेनाच्या बाजूची एक मुलगी, घरी आजीपाशी वाढलेली, ठासून म्हणाली, “म्हातारीला उलट बोलली, ते चुकलंच. किती का चांगलं विणंना.” तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बोलली ती. मारायचं तर ठीक, नाही मारायचं तर ते पण ठीक. पर कापड काय बोललं होतं?”

घंटा झाली तरी कुणी उठेना. त्यानं तो तुकडा बाकावर पसरला, कडेला कड जुळवून त्याची घडी घातली आणि दप्तरात वह्यांच्या वर, चुरगळणार नाही असा ठेवला.

नमस्कार.