पायांनी चाखणारी पाहुणी

नमस्कार श्रोतेहो. आज प्राण्यांच्या चवीबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात करते आमच्या घरातल्या एका कडू आमटीपासून.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. परसात कढीनिंबाचं झुडूप होतं आणि त्याला खेटूनच कडुनिंबाचं कमरेएवढं रोप आलं होतं. नावं जवळची, लांबून पानंही सारखीच. तिन्हीसांजेला वीज गेलेली. आजीने तेल तापवलं आणि हाक मारली, "अगं, दोन डहाळ्या आण पटकन!" मी धावले आणि तोडून आणला कडुनिंब. अंधारात आजीनेही तो तसाच ओरबाडून फोडणीत टाकला. त्या रात्री सगळे ताकभात जेवले.

आजी रागावली नाही. सकाळी मला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, "इथे बस. गप्प बस आणि बघ." बराच वेळ काहीच नाही. मग एक फुलपाखरू आलं, काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेलं. कडुनिंबावर टेकलं, पुढच्या पायांनी पानावर टपटप केलं आणि उडालं. मोगऱ्यावर गेलं. टपटप, उडालं. मग कढीनिंबावर आलं. पुन्हा टपटप, तबल्यावर बोटं चालावीत तशी. या वेळी मात्र ते थांबलं. पोटाचं टोक वळवलं आणि कोवळ्या पानाला एक पिवळसर अंडं चिकटवलं, राळ्याच्या दाण्याएवढं. आजी हळूच म्हणाली, "बघितलंस? तिने चाचपलं आणि ओळखलं. तूही पान चुरडून वास घ्यायचास की!"

ते चाचपणं म्हणजे चाखणं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. फुलपाखरू पायाने चव घेतं. पुन्हा सांगते, पायाने. पावलांवर बारीक केस असतात, केसाच्या टोकाला छिद्र आणि आत चव ओळखणाऱ्या पेशी. टपटप करताना पानातला रस त्यांना लागतो. जपानमध्ये लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालणारं याचंच एक भाऊबंद आहे. त्या पानांतलं सिनेफ्रिन नावाचं द्रव्य ओळखणारा चवग्राहक, म्हणजे पेशीवर बसून चव टिपणारा रेणू, तिथल्या संशोधकांनी 2011 मध्ये शोधला. त्याचं जनुक दाबलं, तर मादी त्या द्रव्याला पूर्वीसारखी दाद देऊन अंडी घालेना. आईला एवढी खात्री लागतेच, कारण इवलीशी अळी दुसरं झाड शोधत कुठवर जाणार? चुकीच्या पानावर ती उपाशीच मरेल.

कढीनिंबावरून आठवलं. पोह्यांतली ती पानं वेचून ताटाच्या कडेला ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. चावून खावीत. आणि ती पानं फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवूही नयेत, वास जातो. कुंडीत एक झाड लावावं.

असो. वेळ थोडा आहे. मांजराला गोड कळत नाही. गोड ओळखणारा चवग्राहक दोन भाग जोडून बनतो, त्यातल्या एका भागाचं जनुक त्याच्यात निकामी झालंय, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. वाघ आणि चित्त्यातही तेच. मांजर बासुंदीचं पातेलं चाटतं ते सायीसाठी, साखरेसाठी नव्हे. पोपटाला मिरची झोंबत नाही. आपल्या तोंडात तिखटाची आग लावणारा ग्राहक पक्ष्यांतही असतो, पण मिरचीतल्या कॅप्सेसिनला तो जवळजवळ दाद देत नाही. आपल्यातला तो ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. पोपट मिरचीच्या बिया चावून फोडतो, पण इतर कितीतरी पाखरं मिरची अख्खी गिळतात आणि बी दूर नेऊन टाकतात. मिरचीला हेच तर हवं असतं.

माझ्या खिडकीतल्या कढीनिंबावर या आठवड्यात तीन अळ्या आहेत. लहान आहेत तोवर हुबेहूब पाखराच्या शिटेसारख्या दिसतात. फवारा मारू नका, दोन डहाळ्या त्यांना द्या. बोट लावलं तर मानेमागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुंग्या त्या वासाने मागे फिरतात. मी मात्र रोज सकाळी एकदा तो वास घेते.

नमस्कार.