पट्टा बसवल्यानंतरचे पहिले दिवस

श्रोते हो, नमस्कार.

औषध मोजून देण्यासाठी प्लास्टिकचा जो छोटा कप असतो, त्यात साधारण ३० मिलिलिटर पाणी मावते. वजन कमी करण्यासाठी जठरावर पट्टा बसवून घेतलेला माणूस भुलीतून नीट जागा झाला आणि डॉक्टरांनी पाणी द्यायला परवानगी दिली, की आम्ही परिचारिका त्याच्या हाती हाच कप देतो आणि सांगतो की हे पाणी एका दमात संपवायचे नाही, ओठ भिजतील एवढा एकेक घोट घेत पाव तास पुरवायचे. कालपर्यंत पेलाभर पाणी घटाघटा पिणाऱ्या माणसाला हे फार अवघड जाते. घसा कोरडा पडलेला असतो, घरचे लोक शेजारी उभे असतात आणि रुग्ण आमच्याकडे अशा नजरेने पाहतो की जीव कळवळतो. तरीही आम्ही दुसरा कप लगेच देत नाही, आणि का देत नाही ते आज मला सविस्तर सांगायचे आहे.

या शस्त्रक्रियेत जठराचा कोणताही भाग कापून काढत नाहीत. सिलिकॉनचा एक पट्टा जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसवतात, त्यामुळे पट्ट्याच्या वर १५ ते ३० मिलिलिटरची एक इवलीशी पिशवी तयार होते आणि खाल्लेले अन्न आधी तिथे थांबून मग हळूहळू खाली उतरते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक फुगा असतो; त्याला जोडलेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणासारख्या पोर्टपर्यंत येते आणि त्या पोर्टमधून सलाईन भरून किंवा काढून पट्टा घट्ट किंवा सैल करता येतो. हा पट्टा घसरू नये म्हणून सर्जन बहुतेक वेळा जठराचीच पुढची भिंत त्याच्यावर दुमडून टाके घालतात. ते टाके पहिल्याच दिवशी घट्ट धरून ठेवत नाहीत. पट्ट्याभोवती शरीराच्या स्वतःच्या तंतूंचे चिवट वेष्टन तयार व्हायला काही आठवडे जावे लागतात, आणि तोवर जोराची उलटी झाली, कोरड्या ओकाऱ्या येत राहिल्या किंवा त्या लहान पिशवीत मावणार नाही एवढे काही कोंबले गेले, तर जठर पट्ट्यातून वर सरकण्याचा धोका असतो. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: या पहिल्या दिवसांचे काम वजन घटवणे हे नाही, पट्ट्याला त्याच्या जागी शांतपणे बसू देणे हे आहे.

१९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी असा पट्टा प्रथमच दुर्बिणीतून बसवला आणि तेव्हापासून पोटावरच्या मोठ्या छेदाची जागा चार-पाच लहान छेदांनी घेतली. रुग्णाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय झाली, पण तिच्यामुळे एक गैरसमजही रुजला. बाहेरची जखम बोटाच्या पेराएवढी दिसते म्हणून आत फारसे काही झालेले नाही असे माणसाला वाटते, आणि चौथ्या दिवशी तो जड पिशवी उचलतो.

दुखण्याबद्दल बोलायचे तर सगळ्यात जास्त दुखते ते पोर्टच्या जागी, कारण तो खालच्या स्नायूंवरच्या आवरणाला टाक्यांनी पक्का केलेला असतो. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि कोपराच्या व हाताच्या आधाराने वर या. खोकला किंवा शिंक येईल असे वाटले की एक लहान उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट धरा. ही उशी आमच्या वॉर्डात प्रत्येक पलंगावर असते आणि घरी जाताना बरेच जण तशीच एक उशी गाडीत, पोट आणि सीटबेल्टच्या मध्ये ठेवून जातात.

एक दुखणे मात्र असे आहे की आधी सांगितले नाही तर माणूस हबकून जातो. एका बाईंनी पहिल्या रात्री दोन वाजता बेल वाजवली. त्यांचा खांदा असा ठणकत होता की त्यांना हृदयविकाराचा झटका आल्यासारखे वाटत होते. आम्ही नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू सगळे तपासले, डॉक्टरांनी येऊन पाहिले आणि सर्व ठीक आहे म्हटल्यावर त्यांना कारण समजावले. दुर्बिणीतून काम करताना पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करावी लागते. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा उरतोच आणि छाती व पोट यांच्यामधल्या श्वासपटलाखाली जमतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना एकाच मज्जातंतूंच्या मुळांशी जोडलेली असल्यामुळे कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते. त्या बाई माझा हात धरून वॉर्डाच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या चालून आल्या आणि त्यानंतर त्यांना झोप लागली. त्यांना हे शस्त्रक्रियेआधीच कोणी नीट सांगितले असते, तर ती रात्र त्यांनी मृत्यूच्या भीतीत काढली नसती, ही खंत मला आजही आहे.

चालण्याचे महत्त्व याहून मोठे आहे. वजन जास्त असलेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असतो आणि अशी गुठळी फुप्फुसात पोहोचली तर जिवावर बेतते. म्हणून त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, पायांत घट्ट मोजे घालतात, अनेकांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात. घरी गेल्यावरही जागेपणी दर तासाला थोडे चाला. श्वासाचा व्यायाम करण्यासाठी तीन छोट्या चेंडूंचे जे यंत्र दिले असेल, ते कपाटात ठेवू नका. दीर्घ श्वास घेतल्याने फुप्फुसांचा खालचा भाग उघडा राहतो आणि छातीत कफ साचत नाही.

आता पुन्हा त्या कपाकडे येते, कारण खरी कसोटी तिथेच आहे. पहिला एखादा दिवस केवळ स्वच्छ द्रव, मग साधारण दोन आठवडे दूध, गाळलेले सूप, प्रथिनांचे पेय असा पातळ आहार, त्यानंतर घोटलेले अन्न, मग मऊ अन्न, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास नेहमीचे अन्न बारीक चावून, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक सर्जनचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि तुमच्या सर्जनचेच पाळायचे. ओळखीच्या कोणाची जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, आणि आजकाल ती पट्ट्यापेक्षा अधिक होते, तर त्यांचा अनुभव ऐकावा, पण त्यांचा आहार उचलू नये.

दिवसभरात सुमारे दीड लिटर द्रव पोटात जायला हवे, आणि एका वेळी घोटभरच प्यायचे असल्यामुळे पिणे हेच दिवसभराचे काम होऊन बसते. भांडे सतत जवळ ठेवा. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तोंड सुकले, उभे राहताना गरगरले, तर द्रव कमी पडते आहे असे समजा. स्ट्रॉने पिऊ नका, कारण त्याबरोबर हवा गिळली जाते. फसफसणारी पेयेही नकोत. पिताना छातीच्या मधोमध दाटल्यासारखे वाटले, उचकी लागली किंवा तोंडाला अचानक पाणी सुटले, तर तो पुढचा घोट न घेण्याचा इशारा आहे. मळमळ सुरू होताच कळवा. उलटी होईपर्यंत सोसत बसणे हा या शस्त्रक्रियेत धीराचा नव्हे, नुकसानीचा मार्ग आहे.

गोळ्यांबाबत माझी हात जोडून विनंती आहे की घरी जाण्याआधी तुमची जुनी औषधे एकेक करून डॉक्टरांना दाखवा. मोठ्या गोळ्या अडकू शकतात म्हणून त्या कुटून किंवा पातळ रूपात घ्याव्या लागतात, पण ज्या गोळीतून औषध दिवसभर सावकाश सुटते ती कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. मधुमेहाची औषधे जुन्याच मात्रेत चालू ठेवली आणि आहार मात्र घोटांवर आला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांचाही फेरविचार करावा लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जठराला व्रण होऊ शकतो, म्हणून ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पहिल्या आठवड्यात सूज आणि शस्त्रक्रियेचा थकवा यांमुळे भूक फारशी जाणवत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती परत येते, आणि माणसाला वाटते की शस्त्रक्रिया फसली. फसलेली नसते. पट्टा सुरुवातीला बहुधा रिकामा किंवा जवळजवळ रिकामाच ठेवतात, म्हणून भूक लागणे अगदी स्वाभाविक आहे. या काळात रडू येते, चिडचिड होते, ताटासमोर बसलेल्या घरच्यांचा राग येतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुःखात आणि आनंदात अन्नाचा आधार घेतला, त्याच्यापासून तो आधार एका सकाळीत काढून घेतलेला असतो, हे घरच्यांनी समजून घ्यावे. ‘एवढ्याशाने काय होतंय’ असे म्हणून त्याच्यापुढे घास धरू नका. त्या एका घासाने आत काय होऊ शकते हे मी पाहिले आहे.

काही खुणा दिसल्या तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. पाणीही खाली उतरत नाही, स्वतःची लाळही गिळता येत नाही. उलट्या थांबत नाहीत. पोटातले दुखणे कमी होण्याऐवजी वाढत चालले आहे. बसल्या जागी नाडी १०० च्या वर धावते आहे. ताप ३८ अंश सेल्सियसपेक्षा जास्त आहे. धाप लागते, छातीत दुखते. एका पोटरीला सूज आणि ठणका आहे. पोर्टची जागा लाल, गरम झाली आहे किंवा तिच्यातून पू येतो आहे. यांतले एकही लक्षण दिसले तर लगेच रुग्णालय गाठा, आणि तपासणारे डॉक्टर नवीन असतील तर पोटात पट्टा आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

चार ते सहा आठवड्यांनी पट्टा पहिल्यांदा भरतात. डॉक्टर तुम्हाला आडवे झोपवून बोटांनी कातडीखालचा पोर्ट चाचपतात, विशेष सुईने त्यात थोडे सलाईन सोडतात, आणि मग उठवून बसवून पाणी प्यायला देतात. ते सहज उतरले तरच घरी सोडतात. त्यानंतर एक-दोन दिवस पुन्हा पातळ आहार घ्यायचा असतो, म्हणून त्या दिवशी घरात पाहुण्यांच्या जेवणाचा बेत ठेवू नका, आणि पाणी घशाखाली अडते आहे असे संध्याकाळी जाणवले तर त्याच रात्री फोन करा. थोडे सलाईन परत काढून घेणे हे पाच मिनिटांचे काम असते.